टेबलाजवळची खाट

देवबागचा दत्ताराम तांडेल भर समुद्रात वादळाला भीक घालत नसे. पण इस्पितळातल्या एका लोखंडी खाटेला मात्र तो जाम घाबरला होता. हसू नका! १९५८ सालच्या श्रावणात पोटाच्या ऑपरेशनसाठी तो त्या बारा खाटांच्या वॉर्डात आला, ऑपरेशन झालं, आणि पाच दिवसांत सिस्टर सुभद्राबाईंच्या टेबलाजवळच्या खाटेवरून दोन माणसं पांढऱ्या चादरीत गुंडाळून बाहेर गेलेली त्याने पाहिली. दोघंही आधी त्याच्यासारखेच कोपऱ्यात होते. सिस्टरने तिकडे हलवलं, आणि कारभार आटोपला.

बाकी सिस्टरबद्दल कोणी ब्र काढत नसे. दुपारी चारला चादर बदलणार म्हणजे बदलणार. ओलं अंथरूण नाही, ढेकूण नाही. घरच्यांनीसुद्धा कधी एवढं केलं नाही, असं पेशंट उघड म्हणत. पण कोणाला कुठल्या खाटेवर ठेवायचं ते बाई एकटी ठरवायची, आणि का, ते सांगायची नाही. पेशंटला कशाला सांगायचं, हा तिचा खाक्या. तिथेच घोडं पेंड खात होतं.

दत्तारामला त्याच्या बापाने बजावलं होतं, होडीची जी फळी माणूस खाते तिच्यावर बसायचं नाही. आता फळी काय आणि खाट काय!

त्या सकाळी सिस्टरने त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"तांडेल, पोटात दुखतंय का?"

"नाय, नाय. बरो आसंय." दुखत होतं, चांगलंच दुखत होतं.

"आत एक ऑपरेशन आहे, ते आटोपून येते, मग तुम्हाला टेबलाजवळ घेते," म्हणाली आणि डॉक्टरांच्या मागोमाग गेली.

घरी बायकोला, रुक्मिणीला, सातवा महिना चाललेला, पहिलटकरीण. पोराचं तोंड न बघता जायचं? छे! त्याने वॉर्डातल्या आयाला, काशीबाईला, हाक मारली.

"काशीबाय, सिस्टरान सांगल्यान, भिकाजीक टेबलाकडच्या खाटीर हलव."

भिकाजी म्हणजे शेजारच्या खाटेवरचा जामसंड्याचा म्हातारा. खोकला सोडला तर त्याला आता काही नव्हतं.

"माका कित्याक रे?" त्याने विचारलं.

"थंय वारो बरो लागता."

"वारो? मगे बरा झाला!" म्हणत म्हातारा पानतंबाखूची चंची घेऊन आपल्या पायांनी तिकडे गेला. दत्तारामने मान फिरवली. लाज वाटली त्याला, खरंच वाटली. पण जीव कोणाला प्यारा नसतो?

तीन वाजता भेटीची वेळ झाली आणि भिकाजीभोवती अख्खं जामसंडे गोळा झालं. तेवढ्यात सिस्टर परत आली. सोबत इस्पितळाच्या कमिटीचे एक साहेब होते, पेशंटांची विचारपूस करायला आलेले. टेबलाजवळ भिकाजी बघून ती थबकली. तिने दत्तारामकडे पाहिलं, पण साहेब पुढे निघाले होते.

"काय तांडेल, खाटेबद्दल, सिस्टरबद्दल काही तक्रार?" साहेबांनी खाटेवरचं नाव वाचून विचारलं.

नेमकं तेव्हाच पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं. कमरेखाली गरम ओल पसरली. चादरीखाली हात घालताच टाक्यांतून रक्त येतंय हे त्याला समजलं. बोललं की ती खाट!

"नाय, सायबानू. माझी खाट एकदम बरी आसा. माका हयच ठेवा."

"वा! समाधान आहे म्हणायचं," साहेब खूश होऊन पुढे गेले. सिस्टरलाही त्यांच्याबरोबर जावं लागलं.

मग ती टेबलाशी येऊन बसली. पण मध्ये जामसंड्याच्या पाहुण्यांची भिंत. ते गेले की तांडेलला हलवायचं, असं तिने ठरवलं असावं. दोनदा तिने मान उंच करून कोपऱ्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा दत्तारामने झोपेचं सोंग घेतलं. थंडी वाजायला लागली होती, कानांत भरतीची गाज यावी तसा आवाज येत होता.

चारला सिस्टर धुतलेली चादर घेऊन आली.

"तांडेल, कूस बदला जरा."

तो हलला नाही. तिने पांघरूण ओढलं आणि किंचाळली, "काशीबाई! डॉक्टरांना बोलवा! धावा!"

त्याची खाट टेबलाकडे ढकलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो, सकाळपासून नाडी बिघडली होती तुमची! ज्याची मला भीती वाटते त्याला मी डोळ्यांसमोर घेते. त्यासाठी ती खाट आहे हो! तुम्ही यायच्या आधी पाच जण तिथूनच चालत घरी गेले."

भिकाजी लगबगीने उठून बाजूला झाला. "ये बाबा, ये. माका हय काय तरास झालो नाय. वारो मात्र नाय हां."

टेबलाजवळून सगळा वॉर्ड दिसत होता. फक्त आपली कोपऱ्यातली जागा कुठे होती, ते दत्तारामला आता नीट दिसेना. त्याला सांगायचं होतं, बाय, माझी तक्रार आसा, माका आधीच हय आणूक होया होता. ओठ हलले. सिस्टर अगदी तोंडाशी वाकली, पण तिला काही ऐकू आलं नाही.

काशीबाई पांढरी चादर घेऊन दारात उभी होती.