माफीचे ताट

मावशीने ताट भरून शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कट्ट्यावर ठेवले. कोणी ओढून घेईना. वाकून पाहिले, तर कट्ट्याखाली कोणीच नव्हते. रांगेतला पुढचा मुलगा अजून लांब होता, पाठ फिरवून गप्पा मारत.

“परत?” मोठा आचारी पातेल्यामागून म्हणाला. “काय गं, भुतांची पंगत बसवतेस की काय?”

“आवाज आला मला.”

“तुला? तुझ्या कानाशी ढोल बडवला तरी म्हणशील, कोण कुजबुजतंय! हे बघ, अजून एक ताट वाया गेलं तर खिडकी दुसरीला देईन. तू बस भांडी घासत.”

मावशीने ते ताट मागे ओढले. तिचे कान अधू झाले होते, हे खरेच होते. भट्ट्यांच्या घरघरीने ते खाल्ले होते. म्हणून तर खिडकीशी आलेल्या प्रत्येक पोरावर ती ओरडायची, “मोठ्यानं बोल!” मग पोर आपला शब्द सांगायचे. शाळेच्या जेवणाचे सगळे पैसे भरणारे म्हणत ‘पूर्ण’, अर्धे भरणारे ‘निम्मे’, आणि ज्यांना काहीच भरावे लागत नसे ते ‘माफी’. शब्द ऐकून ती त्या रंगाचा बिल्ला डब्यात टाकी आणि ताट वाढी.

इतरांचे बोलणे तिला दोनदा विचारावे लागे. हा आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकू येई. बारीक, खालून, कट्ट्याच्या कडेशी. ‘माफी.’ आवाजाची धनीण गेल्या थंडीत तापाने गेली होती. कट्टा उंच आणि पोरगी बुटकी. मावशीने तिची कडेला धरलेली बोटेच काय ती पाहिली होती. खिडकी सुटली आणि ती आली, तर तिला वाढणार कोण? एवढाच घोर मावशीला लागला होता.

जेवणे आटोपल्यावर मागच्या दाराशी एक बाई आली. तिच्या बोटाला धरून एक लहान मुलगी होती.

“ऑफिस कुठंशी आलं, मावशी? धाकटीचं नाव घालायचंय. जेवण निम्म्यात. हिची थोरली इथंच होती, तापात गेली ती.”

मावशीच्या हातातले फडके थांबले.

“थोरलीला तर माफी होती,” ती म्हणाली. “हिलाही मिळेल की. निम्मे कशाला भरतेस? पोटाला चिमटा काढशील?”

“काढीन.”

“अगं, पण का?”

बाई उंबऱ्यावर टेकली. धाकटीच्या केसांत अडकलेला कचरा ती सावकाश काढत राहिली.

“थोरली रोज विचारायची, आई, मी काय केलंय गं? मी म्हणायची, कुठं काय केलंयस? तर म्हणे, मग जेवायच्या आधी माफी का मागायला लावतात? मागितली तर म्हणतात, मोठ्यानं. मी आपलं हसण्यावारी नेलं. म्हटलं, असतं तसं, माग तू.” तिने कचरा बोटांत चुरडला. “तापात बरळायची ना, तेव्हाही तेच. माफी, माफी. अंगात त्राण नव्हतं, पण मोठ्यानं.”

मावशीने हात पुसले. ते कोरडेच होते. मग तिने ऑफिसचा रस्ता दाखवला.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. मध्येच रांग जराशी अडली आणि कट्ट्याच्या कडेशी तो आवाज आला.

‘माफी.’

मावशीने ताटाला हात लावला नाही. पळी पातेल्यात सोडली, कट्ट्यावर पोट टेकवले आणि डोके खिडकीतून जितके बाहेर काढता येईल तितके काढले. मागे आचाऱ्याचा झारा थांबला.

“पोरी,” ती खाली बघून म्हणाली, “तुझं काहीच चुकलं नव्हतं गं. मला कमी ऐकू यायचं, एवढंच होतं ते.”

मग तिने श्वास घेतला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असे म्हणाली,

“माफी.”

पुढच्या मुलाने आधी खाली बघितले, मग वर, आणि त्याला हसू फुटले.

“मावशी, तुम्हीपण माफीत?”

“हो रे बाबा,” मावशी म्हणाली. “मीपण.”

आणि त्याचा शब्द न विचारताच तिने त्याचे ताट वाढायला घेतले.