गच्चीवरचं पाणी

वादळ येऊन गेल्याला पाच दिवस झाले होते. हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर, डायलिसिसच्या खोलीत, अकरा माणसं आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत पडली होती. कुणाला घराच्या निखळलेल्या दारावर झोपवून आणलं होतं, कुणी मांडीभर चिखलातून लेकाच्या पाठीवर बसून आलं होतं. अकराही जणांच्या किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून तीनदा मशीननं रक्त साफ करून घ्यायचं, तरच जगायचं.

ती खोली सांभाळणाऱ्या बाईला सगळे मशीनबाई म्हणत. चाळिशीची, बुटकी, भरभर चालणारी. बारा वर्षं ती या खोलीत होती आणि इथल्या प्रत्येकाच्या हाताची शीर तिला डोळे मिटून सापडायची. तिचा नवरा वीजखात्यात लाइनमन. वादळाच्या आदल्या दिवशी तो कामावर गेला, त्यानंतर त्याचा काही निरोप नव्हता. सासू मात्र डोळ्यांसमोरच होती, खिडकीशेजारच्या खाटेवर. अकरा पेशंटांपैकी ती एक.

मशीनला वीज लागते आणि पाणी लागतं. वीज तिसऱ्या दिवशी आली. मदतपथकानं होडीतून एक जनरेटर आणला आणि तो जिन्यात बसवला. पाण्याचं मात्र अवघड होतं. एका माणसाच्या चार तासांना सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं. गच्चीवरच्या दोन टाक्यांपैकी एक वादळानं उचलून रस्त्यापलीकडे नेऊन आपटली होती. दुसरीत होतं तेवढ्यावर मशीनबाईनं चिठ्ठ्या टाकल्या आणि चाराऐवजी दोन-दोन तास असे आठ जण उरकले. मग टाकीनं तळ गाठला. टेलरकाकांची चिठ्ठी नववी निघाली होती, सासूची दहावी.

"घरची सून मशीनवर आणि मी दहावी," सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "परक्याची सून असती तर निदान लाजेखातर तरी आधी घेतलं असतं."

"आई, चिठ्ठी तुमच्या हातानंच उचललीत ना?"

"उचलली. पण डबा तू धरला होतास."

टेलरकाका शेजारच्या खाटेवरून हसायचे. हसताना त्यांना धाप लागायची. पाय सुजून इतके टरटरले होते की बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. "माझा नंबर घ्या आजी," ते म्हणायचे, "पण मग माझ्या बायकोशी तुम्ही बोला. मला तिच्यासमोर बोलायची सोय नाही."

टेलरकाकू तिथेच पायाशी बसलेली असायची. वादळात त्यांचं दुकान गेलं, दोन्ही शिलाई मशीन गेली, घराच्या तीन भिंती गेल्या. नवऱ्याला वाचवायचं एवढं एकच काम तिच्यापाशी उरलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी पथकानं मोठ्या तराफ्यावर चढवून पाण्याचा टँकर आणला. खिडकीतून तो दिसताच खोलीत एकच गलका झाला. मशीनबाई धावत खाली गेली. तिनं ओंजळभर पाणी डब्यात घेतलं, त्यात तपासणीची पट्टी बुडवली आणि पट्टी गर्द रंगलेली पाहून ते पाणी ओतून दिलं. पाण्यात क्लोरीन ठासून भरलं होतं. गावात साथ पसरू नये म्हणून पथकानं मुद्दामच दुप्पट टाकलं होतं, आणि पिणाऱ्यांसाठी ते योग्यच होतं. पण ते पाणी मशीनमध्ये गेलं तर माणसाचं रक्त अंगातल्या अंगात फुटतं. क्लोरीन शोषून घेणारा कोळशाचा फिल्टर तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत होता, आणि त्या खोलीत आता छातीभर गाळ होता.

"चालणार नाही," वर येऊन तिनं सांगितलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग टेलरकाकू उठून उभी राहिली. "चालणार नाही म्हणजे? समोर टँकरभर पाणी उभं आहे, आणि तुम्ही चालणार नाही म्हणता?"

"काकू, या पाण्यानं ते आजच जातील."

"आणि पाण्यावाचून? उद्या? परवा?" तिनं मशीनबाईचा दंड धरला. "ह्यांच्या छातीला कान लावून बघा. आत पाणी खळखळतंय."

सासूनं तेवढ्यात संधी साधली. "माझा मुलगा खांबावर चढून गावाला उजेड देतोय, आणि इथे त्याची बायको त्याच्या आईला घोटभर पाणी देईना."

मशीनबाई तडक खोलीबाहेर पडली. बोलायला गेली असती तर रडली असती. ती डॉक्टरांकडे गेली. हॉस्पिटलात आता एकच डॉक्टर उरले होते. जिन्यात बसल्या बसल्या एका माणसाच्या टाळूला टाके घालत ते म्हणाले, "क्लोरीन उन्हानं उडतं. पाणी उथळ पसरलं, सारखं वरखाली केलं आणि ऊन असंच कडक राहिलं, तर दुपारपर्यंत... सांगता येत नाही. पट्टी लावत राहा."

आकाश मात्र त्या दिवशी असं निरभ्र होतं की वादळ याच आकाशातून आलं यावर विश्वास बसू नये.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली पातेली, टोप, पराती, बाळांना आंघोळ घालायचे टब, जे हाती लागलं ते घासून, खळबळून गच्चीवर गेलं. टँकरपासून गच्चीपर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या हातोहात वर चढू लागल्या. वर टेलरकाकूनं पदर खोचला आणि एका पातेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उंचावरून पाण्याची धार धरायला सुरुवात केली. तिचं बघून बाकीचे नातेवाईकही लागले. पायाखाली गच्ची तव्यासारखी तापली होती, पण कुणी चप्पल शोधायला खाली गेलं नाही. दर अर्ध्या तासानं मशीनबाई पट्टी बुडवायची, आणि सगळे हात तेवढ्यापुरते थांबायचे.

"फिकी झाली?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"ओता काकू. ओतत राहा."

दुपारी दोनच्या सुमारास एका टबात पट्टीचा रंग बदलला नाही. मशीनबाईनं दुसरी पट्टी लावली. मग तिसरी. तिन्ही पांढऱ्याफेक. "पहिला टब टाकीत घ्या," ती ओरडली आणि टेलरकाकांना मशीनवर घ्यायला दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली.

खोलीच्या दारातच तिला केळ्यांचा वास आला.

दारापाशी मदतपथकाबरोबर आलेले एक निवृत्त मास्तर उभे होते. साठी उलटलेली, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. हातात रिकामी टोपली. सकाळपासून ते वॉर्डावॉर्डात केळी वाटत फिरत होते. पहिल्यांदाच ताजं फळ आलं होतं आणि ते आधी आजाऱ्यांना मिळावं, असं त्यांनीच पथकात भांडून ठरवून घेतलं होतं.

"इथे कुणाला दिलीत?" मशीनबाईचा आवाज चिरकला.

"बहुतेकांनी घेतली नाहीत. त्या गृहस्थांनी घेतली." मास्तर गोंधळले. "मी विचारलं त्यांना, चालतील ना? चालतात म्हणाले."

किडनीच्या माणसाला केळं म्हणजे विष. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि हृदय बंद पाडतं. पाच दिवस मशीन न मिळालेल्याला तर एकही पुष्कळ झालं. खोलीतल्या प्रत्येकाला हे पाठ होतं. टेलरकाकांनाही.

त्यांच्या छातीवर शर्टाची बटणं उघडी होती, आणि डोळे छताकडे. "मशीनबाई," ते हळूच म्हणाले, "रागावू नका. पाच दिवस बिस्किटं खातोय."

"किती खाल्लीत?"

त्यांनी तीन बोटं वर केली.

"मी सांगितलं त्याला," सासू म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "खाऊ नको म्हटलं, मेल्या, सून वरून पाणी घेऊन येतेय. तर म्हणतो, आजी, पाणी येईल तेव्हा येईल."

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. मशीनबाईनं टेलरकाकांची शीर पहिल्या टोचणीत पकडली. मशीन सुरू झालं. गच्चीवर उन्हात ओतून ओतून तयार केलेलं पाणी नळीतून धावू लागलं. पडद्यावरची हृदयाची रेघ रुंद, वेडीवाकडी येत होती. मशीनबाई तिच्याकडे बघत राहिली. पंचवीस मिनिटं झाली. पस्तीस. रेघ जराशी सरळ झाली असं तिला वाटलं, आणि ते डॉक्टरांना सांगायला तिनं तोंड उघडलं तेवढ्यात रेघ थरथरली आणि सपाट झाली. डॉक्टर बराच वेळ छाती दाबत राहिले. शेवटी त्यांनीच स्वतःचे हात बाजूला घेतले.

कुणीतरी टेलरकाकूला वरून बोलावून आणलं. ती ओल्या पदरानंच आत आली. तिनं नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि वळून विचारलं, "काय झालं? पाणी वाईट होतं का?"

"नाही," मशीनबाई म्हणाली. "पाणी चांगलं होतं, काकू."

"मग?"

मशीनबाईची नजर नकळत खाटेखाली गेली. तिथे सालं नव्हती. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं आपली चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती, आणि चादरीच्या कडेतून एका सालाचं काळपट देठ बाहेर आलं होतं.

"हृदय दमलं गं," सासू म्हणाली. "शांत गेला. तुझंच नाव काढत होता."

टेलरकाकूनं मान हलवली. मग ती खाली बसली आणि तिनं असा आवाज काढला की जिन्यातल्या जनरेटरच्या वरूनही तो ऐकू गेला.

मशीन थांबवून ठेवता येत नव्हतं. तयार केलेल्या पाण्यातलं अजून पाऊणशे लिटर उरलं होतं. खाट दुसरीकडे नेली, नळ्या बदलल्या. मशीनबाईला पुढचं नाव घ्यायचं होतं आणि ते तिच्या ओठांवर येईना.

"दहावा नंबर," सासू स्वतःच म्हणाली, आणि बाही वर करून हात पुढे केला. "माझा आहे. मी सोडणार नाही. बघतेस काय? टोच."

दोन तास ती मशीनवर होती. तेवढ्या वेळात तिनं सुनेला एकही टोमणा मारला नाही.

मशीनबाई बाहेर आली तेव्हा मास्तर व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले होते. तिला वाटलं होतं, आपण यांच्यावर ओरडू. पण त्यांचा चेहरा बघून तिला तेही जमलं नाही.

"मास्तर, उद्या तुम्ही कुठे जाणार?"

"पलीकडच्या गावात. तिथेही हॉस्पिटल आहे."

"मग नीट ऐकून घ्या." ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि किडनीच्या पेशंटाला काय काय देऊ नये ते एकेक करून सांगत गेली. केळी, संत्री, शक्तीची पेयं, भरमसाट पाणी. मास्तर पेन्सिलीनं टोपलीच्या तळाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेत होते. लिहिताना दोनदा टोक मोडलं.

"त्या बाईंना कुणी सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सांगू नका. काय उपयोग?"

"मला जमणार नाही," मास्तर म्हणाले. "तिनं माझे आभार मानले हो. जाताना. सकाळी मी दोन बादल्या वर चढवल्या होत्या, म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी, होडीत बसायच्या आधी, ते गच्चीवर गेले. टेलरकाकू तिथेच होती. जायला तिला घर नव्हतं, आणि अकराव्या नंबरचं पाणी अजून तयार व्हायचं होतं. मास्तर तिच्याशी काय बोलले ते मशीनबाईला ऐकू आलं नाही. तिनं फक्त काकूचे हात पातेल्यावर थांबलेले पाहिले.

मशीनबाई पट्टी घेऊन जवळ गेली तेव्हा काकू बोलत होती. "केळी त्यांना फार आवडायची. सहा वर्षं मी घरात येऊ दिली नाहीत. दुकानात चोरून खातील म्हणून तिथेही जाऊन बघायचे." तिनं मास्तरांकडे पाहिलं. "चांगली होती का? पिकलेली?"

मास्तरांनी मान डोलावली. काकूनं त्यांच्याकडे पाठ केली आणि पुन्हा धार धरली.

अकराव्या नंबरचे म्हातारे कारकून त्या दिवशी मशीनवर चढले, पण संध्याकाळपर्यंतच टिकले. सातव्या दिवशी लष्कराची मोठी होडी आली. तिच्यातून कोळशाचा नवा फिल्टर उतरला, मशीनबाईच्या नवऱ्याचा निरोप मात्र आला नाही, आणि जास्त अत्यवस्थ अशा चौघांना शहरात न्यायचं ठरलं. त्यांत सासू होती. स्ट्रेचरवर आडवं व्हायला ती तयार होईना.

"मला मेलेली समजून नेतायत," ती म्हणाली. "बसून जाईन मी."

"बसा. पण आई, तिकडे कुणी काही खायला दिलं तर..."

"कळतं मला." सासूनं तिचा हात ओढून घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही. "तुझं जेवण झालंय का?"

मशीनबाई नाही म्हणाली. होडी दूर गेली तशी ती आत वळली. पहिल्या चिठ्ठीच्या माणसाचे पाय आता पुन्हा सुजायला लागले होते. तिनं धुतलेली चादर खाटेवर पसरली आणि त्याला हाक मारली.