गालिच्यावरचं वजन

चिरंजीवांचं वागणं काटेबाईंना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. बायको आजारी असली तर माणूस औषधपाणी बघतो, चार शब्द गोड बोलतो. यांनी काय केलं, तर फ्रिजवर कागद चिकटवला! दर बुधवारी बायकोचं वजन त्यावर लिहायचं, खाली जाड रेघ मारायची, आणि फोनवर मित्राला सांगायचं, "आमचं उतरतंय हं!" उपाशी राहणार बायको, मिरवणार हे. स्वतःच्या शर्टाचं शेवटचं बटण वर्षभर लागलं नव्हतं, ते मात्र कुठल्या कागदावर नव्हतं.

काटेबाई म्हणजे त्यांची आई. भंगाराच्या वखारीत बत्तीस वर्षं वजनकाट्यावर बसल्या, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. शाळा चौथीपर्यंत, तीही अधूनमधून. पण पोत्यात दगड दडवलेत की नाही, ते पोतं उचलणाऱ्याच्या चालीवरून ओळखायच्या.

सून कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर होती. साठ थर कापड एकावर एक ठेवून विजेचं पातं फिरवायचं आणि रेघ केसभर हलू द्यायची नाही, असं काम. तिला पीसीओएस होता. पाळी तीन-तीन महिने तोंड दाखवत नसे, आणि वजन पाहुण्यासारखं आलं ते जायचं नाव घेत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं, "हा आजार आहे, आळस नाही. गोळ्या घ्या, चाला, नीट जेवा. हळूहळू फरक पडेल."

हळूहळू हा शब्द चिरंजीवांना मानवला नाही. त्यांनी अ‍ॅक्युपंक्चरवाला शोधून काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुया स्वच्छ असतील तर टोचून घ्या हवं तर. वजन उतरेलच असं मी म्हणणार नाही. पण गोळ्या सोडू नका." अर्धं वाक्य ऐकायची चिरंजीवांची लहानपणापासूनची खोड.

पहिल्या आठवड्यात तिथल्या काट्यावर चौऱ्याऐंशीचे एकोणऐंशी झाले. चिरंजीव घरभर नाचले. पुढे अर्धा-अर्धा किलो उतरत राहिला. "सुईवाले म्हणतात, गोळ्या मधे येतात," असं सांगून त्यांनी गोळ्यांचं पाकीट कपाटावर टाकलं आणि बायकोचं रात्रीचं जेवण बंद केलं. तीही भुलली. जुने कपडे कमरेला तसेच दाटत होते, तर म्हणायची, "धुऊन आटलेत." दिवसभर लोकांच्या मापाचं कापड कापणारी बाई, पण स्वतःच्या कमरेला टेप लावेल तर शपथ!

मग एका मंगळवारी तिला कामावर भोवळ आली. पातं चालू होतं. शेजारच्या बाईने झडप घालून बटण बंद केलं, म्हणून बोटं हाताला राहिली.

चिरंजीव म्हणाले, "चरबी जळते तेव्हा असं होतंच."

"जळो तुझं तोंड," काटेबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर स्वतः निघाल्या.

सुईवाल्यांच्या आतल्या खोलीत भिंतीवर सुपाएवढ्या कानाचं चित्र होतं, त्यावर मुंग्या लागल्यासारखे ठिपके. कोपऱ्यात पाणी खळखळवणारं यंत्र. बसल्या बसल्या लघवी लागावी. पायाखाली घोटा बुडेल असा गालिचा. आणि सुईवाले इतकं हळू बोलत, की शेजारी कुणी शेवटचे श्वास घेतंय की काय असं वाटावं.

"आधी वजन बघू," ते कुजबुजले. सून गालिच्यावर ठेवलेल्या काट्यावर चढली. "साडेसत्त्याहत्तर! वा, ताई!"

काटेबाईंचे डोळे आकड्यावर नव्हते, काट्याच्या पायांवर होते. चारी पाय लोकरीत रुतलेले, काट्याचं पोट खाली टेकलेलं.

"पहिल्या दिवशी वजन कुठे केलं होतं गं?"

"बाहेर, फरशीवर. काटा आत आणला तो नंतर."

काटेबाईंनी काटा पायाने ढकलत दाराबाहेर फरशीवर नेला. "चढ आता."

त्र्याऐंशी. महिनाभर उपाशी राहून एक किलो.

सुईवाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच. "असं कसं? मी स्वतः याच काट्यावर नऊ किलो उतरलोय!" बोलता बोलता त्यांचा हात पोटावर गेला आणि कुजबुज कुठल्या कुठे पळाली.

"आधी गालिच्यावरून उतरा, मग बाकीचं उतरलंय का बघू," काटेबाई म्हणाल्या. "मऊ जागेवर काटा खोटं बोलतो, हे आमच्या वखारीतल्या झाडूवालीलाही ठाऊक. तुम्ही भिंतीवर चार सर्टिफिकिटं लावून बसलात!"

सून रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आणि गोळ्या मधे येतात म्हणालात, ते?"

"मी?" सुईवाले दचकले. "मी असं कधीच म्हटलं नाही, ताई. डॉक्टरांनीच बंद केल्यात, असं तुमचे मिस्टर म्हणाले. हे बघा, फाईलमध्ये लिहिलंय."

लिहिलेलं होतं.

परत येताना सून म्हणाली, "सुयांचं काही नाही, आई. तिथे अर्धा तास माझ्या अंगाकडे बघून कुणी हसायचं नाही, एवढ्यासाठी जावंसं वाटायचं."

'दारातून आडवी निघ' हा विनोद पाहुण्यांदेखत काटेबाईंनीच केला होता, आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसल्या होत्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सुनेच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

घरी चिरंजीव सोफ्यावर पसरले होते. "किती भरलं?"

सून स्टुलावर चढली आणि कपाटावरचं पाकीट काढून पाणी आणायला गेली.

"अगं, सुईवाले म्हणाले होते ना—"

"त्यांनाच विचारून आलोय," काटेबाई म्हणाल्या.

चिरंजीव उठून बसले. "आई, मी तिच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी? तिची बोटं जाता जाता राहिली आणि तू आकडा विचारतोस! सुईवाला मूर्ख आहे, पण खोटं नाही बोलला. खोटं माझ्या पोटचा बोलला. उद्या डॉक्टरीणबाईंकडे तिच्याबरोबर जायचं आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांगायचं. तिच्या अंगावरून या घरात यापुढे कुणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही. तिला आजार आहे, बाबा, त्यावर औषध आहे. तुला अक्कल नाही, आणि त्यावर अजून सुई निघालेली नाही."