डोळ्यातली बाहुली

दोन हजार सतरा साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी काही हटत नव्हती, त्यामुळे केळापूर भागात पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या मजुरांना रोज बोलावणं यायचं. प्रियंकाचा नवरा रवी त्यांतलाच. ती स्वतः पांढरकवड्यात गुरांच्या दवाखान्याशेजारी ब्लाउज शिवायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

विहिरीतून काढलेली एक भुरी मांजर दवाखान्यात खोक्यात पडून होती. प्रियंका तीन दिवस तिला येता-जाता पाहत राहिली. चौथ्या दिवशी आत गेली.

"मॅडम, हे मांजर मले द्या."

डॉक्टर गौरीमॅडमनी लगेच दिली नाही. टेबलावर ठेवून आधी शिकवलं. ओठ उचलून हिरड्या गुलाबी आहेत का पाहायचं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, सावकाश बसली तर अंगात पाणी कमी. अंधारात नेलं की डोळ्यातली बाहुली मोठी झाली पाहिजे. "तिला दुखणं सांगता येत नाही. रोज बघत जा." मग जंताचं औषध झालं, सुई झाली, आणि भुरी घरी आली.

प्रियंका रोज सकाळी तिला तपासायची. रवी हसायचा. "माह्या हिरड्या कधी पाह्यल्या का तू?"

पण भुरीचा जीव रवीवरच जडला. एका संध्याकाळी तो न जेवताच आडवा झाला. अंगातला फवारणीचा शर्ट खाटेवर टाकलेला. भुरी रात्रभर त्यावरच निजली, तोच चाटत राहिली.

सकाळी रवी कामावर गेल्यावर प्रियंकाला ती चुलीमागे सापडली. तोंडातून लाळ, पाय थरथरत होते. त्या काळोखातही बाहुली रेघेएवढी. तिला पदरात गुंडाळून प्रियंका धावत सुटली.

गौरीमॅडमनी सुई दिली, साबणानं अंग धुतलं. धुता धुता थांबल्या. "घरात फवारणी कोण करतं?"

"आमचे हे."

"काल कसे होते?"

"डोकं दुखते म्हणे. डोळ्यापुढं धुकं येते म्हणे. म्या म्हटलं, थकले असन."

"आज कुठं आहेत?"

प्रियंकाचा हात भुरीच्या डोक्यावर होता. तो न काढताच ती म्हणाली, "फवारायलेच गेले."

"जा," मॅडम म्हणाल्या. "हिला मी बघते."

रवी फोन उचलेना. ऑटोनं शेतावर पोचली तर कपाशीत काही दिसेना. हाका मारत, फांद्या बाजूला सारत ती आत घुसली. रवी दोन ओळींमधल्या तासात बसून ओकत होता, घामानं निथळत होता. शेतमालक देवराव लिंबू कापून घेऊन आले. "ऊन लागलं बाई. हे पाज."

तिनं रवीला झाडाखाली ओढलं, पापणी उचलली. सावलीतही बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी.

"ऊन नोहे हे! जहर हाय! गाडी काढा, बापू!"

 देवराव लिंबू टाकून जीपकडे धावले. तिनं रवीचा शर्ट फाडून काढला, अंगावर घागर ओतली. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत ती त्याला नावानं हाक मारत होती. नऊ वर्षांत कधी मारली नव्हती.

वॉर्डात रवीसारखीच, फवारणीतून आणलेली माणसं होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, पण आज काही सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी गौरीमॅडमचा फोन आला. भुरी दुपारीच गेली होती.

प्रियंका जिन्यात बसून रडू लागली. आत माणसं मरत होती आणि आपण मांजरासाठी रडतो आहोत, याची तिला लाज वाटत होती, पण रडू थांबेना. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई, रुखमाबाई, जवळ येऊन बसली.

"कोन गेलं व, बाई?"

"घरचं होतं," प्रियंका म्हणाली.

रुखमाबाईनं पुढं विचारलं नाही. तिला जवळ ओढून घेतलं.

चौथ्या दिवशी रवीनं डोळे उघडले. बाजूची खाट तेव्हा रिकामी झाली होती, पोर रात्रीच गेलं होतं, आणि रुखमाबाईला नीट निरोपही देता आला नाही, याचं प्रियंकाला नंतर फार लागलं.

रवीनं पुन्हा पंप उचलला नाही; तो प्रियंकाजवळ शिवणाला बसू लागला. उजव्या डोळ्यानं त्याला आजही धूसर दिसतं, सुई ओवता येत नाही. प्रियंका ओवून देते, तो बटणं लावतो.