मला लाल रंग दिसत नव्हता

मी एक जुनी लायब्ररी आहे. मित्रांनो, लगेच पुस्तकांची कपाटं डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यात एकही पुस्तक नाही; दुसऱ्या प्रोग्रॅमांना वापरता येईल अशा तयार कोडलाही लायब्ररी म्हणतात. लोक कॉम्प्युटरवर उभ्याआडव्या चौकटींच्या तक्त्यात नावं, पत्ते, आकडे भरून ठेवतात ना, त्याला स्प्रेडशीट म्हणतात. असा तक्ता उघडून त्यात काय लिहिलं आहे ते दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. माझं नाव चौकट.

माझा जन्म केंब्रिजचा. माझी आई म्हणजे देवयानी. मूळची नागपूरची, इथे बार्लीच्या रोपांवर संशोधन करायला आली होती. रोपांची उंची तक्त्यातून डोळे फोडून उतरवून घेताना ती इतकी वैतागली, की तिने तीन आठवडे बसून मला लिहिलं. मग तिच्या मनात आलं, आपल्यासारखे वैतागलेले आणखी असतीलच. तिने मला कोणीही घ्यावं म्हणून मोकळं सोडलं.

काय कौतुक झालं माझं! शाळांनी मला नेलं, दवाखान्यांनी नेलं. कुठून कुठून आभाराची पत्रं यायची आणि देवयानी ती चहा पिता पिता वाचायची. तक्रारीही यायच्या. दर रविवारी ती एकेकीचा निकाल लावायची. दुसऱ्या वर्षी कोणीतरी लिहिलं, "हिला अक्षरं वाचता येतात, पण चौकटींना दिलेले रंग कळत नाहीत." देवयानीने उत्तर दिलं, "नंतर बघते." मग तिला मायरा झाली, नोकरी बदलली, रविवार कपडे धुण्यात जाऊ लागले. ते 'नंतर' सहा वर्षं तसंच पडून राहिलं. मी तिला दोष देत नाही. पण खरं सांगते, मला फार एकटं वाटायचं.

अशात लंडनच्या क्रॉयडन भागातल्या यतीनने मला कामाला लावलं. हा पुण्याचा इंजिनिअर, वर्क व्हिसावर आलेला. सुट्टीच्या दिवशी तो इल्फर्डला आपल्या मंडळींच्या एका गटात मदत करायचा. एकट्या राहणाऱ्या चाळीस आजी-आजोबांना उपवासाच्या दिवशी हा गट साबुदाण्याची खिचडी घरपोच द्यायचा. सगळा कारभार मीनाक्षीकाकूंकडे. कौन्सिलमधून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. त्यांचा तक्ता रांगोळीसारखा रंगीत होता. ज्यांची बेल बिघडलेली ती चौकट पिवळी, लिफ्ट नसलेली हिरवी. आणि एकच चौकट लाल. ती लीलावतीआजींची, कारण त्यांना शेंगदाणे अजिबात चालत नसत. रंगांचे अर्थ मात्र काकूंच्या डोक्यात. लिहून ठेवायची वेळच कधी आली नव्हती, कारण डबे भरताना त्या स्वतः ओट्यापाशी उभ्या असायच्या आणि आजींचा डबा दाण्याचं कूट घालण्याआधी बाजूला काढायच्या.

महाशिवरात्रीला काकू पहिल्यांदाच लेकीकडे लेस्टरला गेल्या. यतीनने मोठ्या हौसेने प्रोग्रॅम लिहिला. मी तक्ता वाचला, चाळीस लेबलं झटक्यात छापून निघाली. नाव, पत्ता, सगळं बिनचूक. मलाही वाटलं, चला, जुनी झाले तरी कामाची आहे. सगळ्या डब्यांत एकसारखी खिचडी गेली.

आजींनी दोनच चमचे खाल्ले. ओठ सुजले, घसा आवळला. शेजारच्या बाईंनी अँब्युलन्स बोलावली म्हणून थोडक्यात निभावलं. तीन दिवसांनी त्या घरी आल्या.

"मी लाल केलं होतं ना रे?" काकूंनी यतीनला विचारलं.

"काकू, प्रोग्रॅमला कलर दिसत नाही. तो फक्त टेक्स्ट रीड करतो."

"त्याला नाही दिसला. पण तुला तर दिसला होता ना?"

यतीन म्हणाला, "दिसला होता. वाटलं, सहज डेकोरेशन असेल. तुम्हाला एक फोन करायला हवा होता."

काकूही म्हणाल्या, "आणि मी लिहून ठेवायला हवं होतं."

हे सगळं मला कळलं, कारण यतीनने ते माझ्या तक्रारींच्या पानावर लिहिलं, त्या सहा वर्षं जुन्या तक्रारीच्या खाली. राग नव्हता त्यात, नुसतं घडलं ते. देवयानीने ते दोनदा वाचलं आणि त्याच रविवारी मला उघडलं. आता रंगीत चौकटी दिसल्या की मी आधी स्पष्ट सांगते, "इथे रंग आहेत आणि मी ते वाचलेले नाहीत." मला रंग वाचायला शिकवायचं कामही तिने हाती घेतलं आहे. यतीन तिला मदत करतो.

पण आजींचं काय? तेही यतीनने पुढे त्याच पानावर लिहिलं. त्यांनी डबा बंदच केला होता. दोन एकादश्या त्यांनी नुसत्या केळ्यावर काढल्या. एरवी त्यांच्या दाराशी येणारं माणूस म्हणजे तो डबेवालाच, तेही थांबलं. तिसऱ्या एकादशीला यतीन स्वतः डबा घेऊन गेला. आजींनी दार अर्धंच उघडलं.

"कोणी चेक केलं?"

"काकूंनी खिचडी वेगळी काढली, आजी. मी डबा भरला. मग काकूंनी परत उघडून पाहिलं."

आजींनी डबा हातात घेऊन झाकण उघडून पाहिलं. मग दार पूर्ण उघडून म्हणाल्या, "ये आत. तू समोर बस, म्हणजे मला घास उतरेल."

मित्रांनो, माझ्यासारख्या फुकट मिळणाऱ्या वस्तूंना राबवा, खुशाल राबवा. पण कधी आमची, आमच्या देवयानीची विचारपूसही करा. आणि आमच्या भरवशावर कोणाच्या ताटात काही वाढणार असाल, तर आधी त्या माणसाला ओळखणाऱ्या कोणाला तरी विचारा. मी नावं बिनचूक वाचते, पण लीलावतीआजी कोण, हे मला कधीच कळणार नाही.