डोळ्यातली खिडकी

ठिपका. बुबुळाच्या वरच्या कडेला, जरा डावीकडे, कणीएवढा पांढरा... अंबरीशने माउसचं चाक फिरवलं तसा तो वाढत गेला, कणीचा तांदूळ झाला, तांदळाची शेवंतीची पाकळी, आणि मग सगळा पडदाच पांढरा, आणि त्या पांढऱ्यात उभे काळे गज. चार. तिसरा मधेच वाकलेला.

लताबाईंच्या बोटांतला मणी जागच्या जागी राहिला.

तिसरा गज अंबरीशनेच वाकवलेला, सात वर्षांचा असताना, बाहेरून लोंबकळून. त्यावर त्याने खाल्लेला मार त्याला आठवत नाही, मला, त्याच्या आईला, आठवतो. आता ती खिडकी अर्धी बुजवून तिथे एसी बसवलाय, उरलेल्या अर्ध्यासमोर फ्लेक्सचे गुंडाळे उभे केलेत, आणि त्याच खिडकीला पाठ करून फोटो घेऊन आलेली ती मुलगी बसली आहे. मान वळवली, दोन गुंडाळे बाजूला केले, की तोच वाकलेला गज दिसेल.

"बघा मॅडम," अंबरीश म्हणाला, "तीस वर्षांपूर्वीचा फोटो, आणि डोळ्यात खिडकी दिसतेय. कोणत्या कॅमेऱ्यानं काढला असेल?"

मुलगी पुढे झुकली.

"आमच्या घराची असेल," ती म्हणाली. "पडलेल्या. हो ना काका?"

दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"असंल की," तो म्हणाला. "खिडकी व्हती."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. लताबाईंना अजून चाळीस मिनिटं बोलायचं नव्हतं. श्रावणातल्या सोमवारी उठल्यापासून बारापर्यंत मौन, पाटावर काळ्या मातीचं पार्थिव शिवलिंग, त्याची पूजा, कपाळाला भस्माच्या तीन बोटांच्या रेघा, आणि मग पुढच्या खोलीत, म्हणजे अंबरीशच्या दुकानात, आतल्या दाराशी खुर्ची टाकून माळ. तीस श्रावण झाले, एकही सोमवार चुकला नाही. बाळंतपणाला सून माहेरी गेलेली असतानाही नाही, हे गेले त्या वर्षीही नाही. गिऱ्हाइकांना सवय आहे. नवीन कुणी आलं की अंबरीश सांगतो, "आईचं मौन आहे बारापर्यंत. आठवड्यातून तेवढीच काय ती आम्हाला शांतता." आजही त्याने तेच सांगितलं आणि ती मुलगी हसली, पाया पडली. मी जया, म्हणाली. गंजगोलाईच्या पलीकडे क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते, आता स्वतःचा क्लास काढतेय, गुरम्मा क्लासेस, अव्वाच्या, माझ्या आईच्या नावानं.

गुरम्मा म्हटल्यावर लताबाईंना आधी काहीच आठवलं नाही. मग तिच्यामागून चपला हातात धरून उंबऱ्यावर उभा राहिलेला म्हातारा दिसला. नाव ओठांवर आलं आणि मौनानं ते तिथेच धरलं. संगप्पा.

"बाई... वळखलं का? पंत हैत?"

"बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली," अंबरीशने सांगितलं.

"अर्रर्र." त्याने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, कुंकवाच्या जागेकडे, आणि नजर काढून घेतली. "माझंबी डोळ्याचं आपरेशन झालं औंदा. आता समदं झकास दिसतंय."

हे त्याने का सांगितलं?

जयाने पिशवीतून जरीच्या कापडात गुंडाळलेली तसबीर काढली होती. काचेवर हाराच्या दोऱ्याने पडलेली पिवळट कमान, खालच्या कोपऱ्यात उदबत्तीचा काळपट डाग. लताबाईंनी तसबीर पाहिली आणि त्यांना वाटलं, माझ्यासमोर कुणी उदबत्ती लावली?

"मी दोन वर्षांची होते," जया अंबरीशला सांगत होती. "मला काहीच आठवत नाही. रोज सकाळी दिवा लावते, ह्या डोळ्यांकडे बघते, मग शिकवायला जाते. आता सगळे करतात ना ते एआयनं — अव्वा आज असती तर कशी दिसली असती, तसं करून द्या. उद्घाटनाला एका बाजूला हा फोटो, एका बाजूला आजची. नाक बघा, माझं अव्वावर गेलंय. काका लहानपणापासून सांगतात."

संगप्पा चपला नीट लावायला म्हणून दाराबाहेर गेला.

...नाक. नाकापासूनच सुरुवात झाली होती. त्र्याण्णवच्या दिवाळीआधी, गणपती बुडवून आल्यावर पहाटे जमीन हलली त्याला महिनाही झाला नव्हता. किल्लारीकडच्या गावांतली माणसं यायची आणि म्हणायची, फोटो करून द्या. कुठाय फोटो? फोटो न्हाई. घरच निघालं न्हाई तर फोटो कुठून निघंल. दत्तोपंत, आमचे हे, निगेटिव्हवर पेन्सिलनं काम करणारे, मुरमाचे डाग घालवायचे, मिटलेले डोळे उघडायचे, त्यात त्यांचा हात परभणी-नांदेडपर्यंत नावाजलेला. पण नाहीच त्यातून काय काढायचं? ते जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो मांडून बसायचे, समोरच्याला विचारायचे, नाक ह्यातलं कुणासारखं? हनुवटी? संगप्पा तीन दिवस आला. भाऊ आणि भावजय, दोघंही एका भिंतीखाली गेलेली, आणि त्याला भावजयीचा फोटो हवा होता. तीन दिवस एकच शब्द, न्हाई. न्हाई, अशी न्हाई. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आले. त्याने कप घेतला, वर पाहिलं आणि म्हणाला, "डोळे... जरा ह्या बाईवाणी व्हते."

जरा. डोळे. एवढंच म्हणाला होता.

तो गेल्यावर ह्यांनी मला खिडकीसमोर बसवलं. संगप्पाकडची लिंगायताची रीत म्हणून माझं कुंकू जरा खाली घ्यायला लावलं आणि वर भस्माची तीन बोटं स्वतः ओढली, थंड बोटं, रंगाच्या तेलाचा वास. हलू नकोस. नवरा जिवंत असताना मेलेल्या बाईच्या जागी बसू नये, एवढं माझ्या मुदखेडच्या आजीनंही सांगितलं असतं, मी बसले. डोळ्यांपुरतंच, म्हणाले. पण डोळे काढले की पापणी लागते, पापणीला भुवई, भुवईला कपाळ... दोन दिवसांनी कागदावर मीच होते. मग त्या चित्राचा त्यांनी कॅमेऱ्याने फोटो घेतला, राखी रंगात छापला, कडा जरा उडवल्या, आणि म्हणाले, आता हा फोटोच. संगप्पाने तो दोन्ही हातांत धरला. पुष्कळ वेळ धरला. "हाव," म्हणाला, "हीच." आणि रडला. रात्री जेवताना हे म्हणाले, कुणाजवळ बोलायचं नाही बरं का. पुढच्या श्रावणात मी मौन धरलं.

...पुढच्या श्रावणात. माळेचा मणी पुन्हा थांबला. ह्या दोन गोष्टी कधी एकीशेजारी एक ठेवल्याच नव्हत्या.

संगणकावर हिरवी पट्टी सरकत होती. अंबरीशने सगळ्यांना चहा सांगितला. जया दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती, निकालाच्या दिवशी पोरी बसतात तशी. लताबाई पट्टीकडे पाहत होत्या आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, आणि नावाच्या खालून दुसरंच चाललं होतं. सकाळचं पार्थिव, आपणच मळलेली माती, आपणच दिलेला आकार, शंकर काय असा दिसतो? आणि तरी आवाहन केलं की तो तिथे असतो, यात त्यांना कधी शंका आली नव्हती. मग ह्या पोरीनं तीस वर्षं दिवा लावला तर ती बाई इथे आली नसेल? ह्या नाकात, ह्या डोळ्यांत? आली असेल. यायलाच हवी. मग यात मी कोण, माती... पण मातीचं संध्याकाळी विसर्जन करतात. माझं कुणी केलं नाही.

चित्र उमटलं.

साठीची बाई. गुबगुबीत गाल, सगळे दात जागच्या जागी, पांढऱ्या केसांखाली कुंकू ठसठशीत. भरल्या घरातली कुणीतरी आजी. लताबाईंचा श्वास सुटला. आपण नाही. आणि त्याबरोबरच, काय म्हणावं त्याला, आतून काहीतरी जरा खाली बसलं.

"मस्त आलंय," अंबरीश म्हणाला.

जयाने मान हलवली नाही. "गोड आहे," ती म्हणाली. "पण..."

"इबूत कुठं गेली?" संगप्पा उभा राहून म्हणाला.

खरंच, गेली होती. यंत्राला त्या तीन रेघा काय कळणार. त्याने विभूतीच्या सुरकुत्या करून टाकल्या होत्या. कपाळावर तीन आडव्या आठ्या, सरळ, एकाखाली एक.

"अरे! म्हातारपण समजलं ते," अंबरीश हसला. "थांबा, त्याला दाखवावं लागतं कशी असते ती." त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग फोन उचलला. "आई, जरा इकडे बघ."

लताबाईंनी हात वर केला, नको म्हणून. पण माळ धरलेला हात वर झाला की आशीर्वादासारखाच दिसतो. अंबरीशने फोटो घेतला. "हलू नकोस ना. अजून एक."

हलू नकोस.

तीच खिडकी, तीच खुर्ची नाही पण तीच जागा, आणि थंड बोटांऐवजी फोनची पाठ. ओरडावंसं वाटलं. अकरा एकोणपन्नास. अकरा मिनिटं देवाची होती. व्रत मोडलं तर मोडलं, असं म्हणणाऱ्या बायका त्यांना ठाऊक होत्या. त्यांची भीती वाटायची आणि आज हेवा वाटला. की आज व्रतच बरं वाटत होतं? तोंड मिटायला कारण हवं होतं आणि ते देवाने आयतं दिलं होतं?

पट्टी पुन्हा सरकू लागली. चहा आला. संगप्पाने बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला.

या वेळी चित्र वरून खाली उमटत आलं. आधी पांढरे केस, विरळ. मग विभूती, नीट तीन बोटांची, मधली जरा फुटलेली. सकाळी लताबाईंचं बोट थरथरलं होतं तिथेच फुटलेली. मग भुवया. मग डोळे, डावी पापणी उजवीपेक्षा खाली आलेली. गाल बसलेले.

"च्यायला," अंबरीश म्हणाला आणि जीभ चावली. "सॉरी मॅडम. घोळ केला त्यानं. मी फक्त कपाळ घे म्हटलं, त्यानं आईचा अख्खा चेहराच मिसळला. असं करतं कधी कधी. पुन्हा टाकतो, दोन मिनिटं."

"नको."

जया उठली होती. पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली असती. डाव्या हाताने तिने तसबीर उचलली, पडद्याशेजारी धरली. हिच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मागे तीन हातांवर जिवंत बाई बसली होती, तिकडे नाही पाहिलं.

"घोळ नाहीये दादा," ती म्हणाली. "बघा तरी. तेच डोळे आहेत. पहिली होती ती कुणाचीही आजी होती. ही... ही अव्वाच आहे. हो ना काका?"

संगप्पाच्या हातातली बशी कलली, चहा धोतरावर सांडला. त्याचे नवे डोळे पडद्यावरून निघाले आणि लताबाईंवर येऊन थांबले. तीस वर्षांपूर्वी कप घेताना थांबले होते तसेच. त्याला तेव्हाच कळलं होतं. लताबाईंना हे असं एकदम, दार उघडावं तसं कळलं. जरा डोळे मागितले आणि अख्खी बाई मिळाली, हे त्याला फोटो हातात धरला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तो हीच म्हणाला, कारण कडेवर दोन वर्षांची पोर होती आणि तिला कुणीतरी दाखवायचं होतं.

"बोला की काका."

"म्या काय बोलू पोरी," तो म्हणाला. "मला काय समजतंय ह्यातलं." आणि मग, फार हळू, "त्या बाईंना इचार."

घड्याळाने टोले दिले नाहीत; टोले बिघडून वर्ष झालं होतं. पण काटे एकावर एक आले होते, आणि अंबरीशने सवयीने वर पाहून म्हटलं, "आई, बारा झाले. बोल आता. तुझ्याच चेहऱ्याचा प्रश्न आहे. मॅडमना सांग, दुसरं करून घ्या म्हणून."

जया वळली. आता पहिल्यांदा तिने नीट पाहिलं. तिच्या कपाळावरही विभूती होती, पुसट, घामाने ओघळलेली. नाक... कुणावर गेलं होतं देव जाणे, पण चांगलं होतं, सरळ.

"काकू, तुमची हरकत नसेल तर," ती म्हणाली, "हीच ठेवू?"

मौन सुटताना पहिला शब्द देवाचा. लताबाईंचे ओठ चिकटलेले सुटले. "शिव शिव," त्या म्हणाल्या. नेहमी ह्यापुढे काहीही यायचं, भाजी काय केली, दूध आलं का. आज पुढे काहीच येईना. इतकी वर्षं वाटत होतं, बोललं तर पोरीची आई जाईल. म्हणून गप्प, तिच्यासाठी गप्प. आणि आता दोन्ही वाक्यं जिभेवर तयार होती, ठेव बाळ, आणि ही तुझी अव्वा नाही गं, आणि पहिलं पुढे सरकत होतं, तिच्यासाठी नाही... कुणीतरी रोज सकाळी दिवा लावत होतं, माझ्या डोळ्यांत बघून मग दिवसाला लागत होतं, मला पत्ता नसताना. पत्ता लागून तास झाला नव्हता आणि तो दिवा मला विझवायचा नव्हता.

जया वाट पाहत होती. फ्लेक्सच्या गुंडाळ्यांच्या फटीतून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि तिच्या खांद्यावर वाकलेल्या गजाची सावली पडली होती.

"शिव शिव," लताबाई पुन्हा म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं, की त्या नाव घेत नव्हत्या. नावाच्या आड जाऊन उभ्या राहिल्या होत्या.