काकासाहेबांचा सत्कार

मंजुषाचं पत्र येऊन दोन महिने झाले होते आणि काकासाहेबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. वडील फोन उचलत नाहीत, पण कागदावरचं काहीही वाचल्याशिवाय राहत नाहीत, हे ओळखून लेकीनं ते मुद्दाम पोस्टानं पाठवलं होतं. 'बाबा, श्रेया सुट्टीत आजोबांकडे जायचं म्हणते. दारू सोडवणाऱ्या एखाद्या गटात तुम्ही जाऊ लागलात की कळवा, मग पाठवते. तोवर नाही. आणि खोटं लिहू नका.'

शेवटचं वाक्य काकासाहेबांना लागलं. आयुष्यभर कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलेला माणूस खोटं कशाला लिहील? त्यांनी तर विषयाचा अभ्यासच सुरू केला. व्यसनमुक्तीवरची मिळतील तेवढी पुस्तकं आणली, रोज संध्याकाळी ग्लास शेजारी ठेवून नेमानं वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. वाचन वाढलं तसं पिणंही वाढलं. अवघड प्रकरणांना जरा जास्त लागायची.

उस्मानपुऱ्यात, घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असा एक गट भरत होता. साहजिकच तिथं जाण्याचा प्रश्न नव्हता. ओळखीचं कुणी भेटलं असतं! दारूच्या दुकानासमोर भेटलं तर चालत होतं, ते रोजचंच होतं. पण सोडायला आलेलं कुणी पाहिलं, म्हणजे अब्रूचा पंचनामा. म्हणून त्यांनी दूरचा, शेंद्र्याचा गट शोधला. फोनवर लाजेनं जीभ अडखळू लागली, तसे ते सभेच्या भाषेत शिरले. "आपल्या उपक्रमास उपस्थित राहण्याची इच्छा आहे."

गट चालवणारा सुदर्शन पलीकडून खूश झाला. "या की सर! मंगळवारी वर्धापनदिनच हाय आपला."

मंगळवारी काकासाहेबांनी पांढरा शर्ट घातला, खांद्याला पुस्तकांची पिशवी अडकवली, धीर यावा म्हणून थोडी घेतली आणि वर वेलदोडे चघळले. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायचं आणि न बोलता परतायचं, एवढाच बेत. समाजमंदिरात पाऊल टाकलं तोच सुदर्शन धावत आला आणि त्यांना हाताला धरून पुढच्या मोठ्या खुर्चीकडे घेऊन निघाला.

"मी... मला मागंच बरं..."

"असं कसं सर? पाहुणे मागं बसत असतेत का?"

त्या दिवशी कुणी डॉक्टर पाहुणे म्हणून यायचे होते. ते आले नव्हते. त्यांच्याऐवजी चष्मा आणि पिशवी असलेला एक वयस्कर माणूस आला होता, आणि आपल्याकडे सत्काराला याहून वेगळी पात्रता लागत नाही. काकासाहेबांना नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं, ना माणसाला, ना बाटलीला. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. त्यांच्या मनात उत्तराचं पहिलं वाक्यही तयार झालं: 'मंजू, गटात जाऊन आलो, फार आपुलकीनं स्वागत झालं.' यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मार्गदर्शनाला उभे राहिले आणि सगळं वाचन कामी आलं. यकृत, इच्छाशक्ती, कुटुंबाची होरपळ... असे बोलले की स्वतःलाच गहिवरून आलं. मोह कसा आवरावा, हे तर त्यांनी फारच ओघवतं सांगितलं. समोरची माणसं माना खाली घालून ऐकत होती. काहींचे खांदे हलत होते. रडताहेत बिचारे, असं काकासाहेबांना वाटलं.

मग न पिता वर्ष काढलेल्यांना पाहुण्यांच्या हस्ते गुलाब. पहिला आला बद्रीनाथ, प्लॉटचा दलाल, बोटाबोटांत अंगठ्या. पाया पडायला वाकला आणि उठताना कानाशी पुटपुटला, "सर, वेलदोड्यानं जात नाय तो वास. म्या लई वर्षं करून बघितलंय."

काकासाहेबांच्या हातातला गुलाब हातातच राहिला. या खोलीतलं एकेक नाक या विषयातलं पदवीधर आहे, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. खांदे कशानं हलत होते, तेही आता कळलं.

माईक चालूच होता. "मी पाहुणा नाही," ते म्हणाले. "मी... पिऊन आलोय."

"दारातच कळलं, सर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी खोली हसली.

"मग शाल कशाला घातली?" काकासाहेबांनी अगदी मनापासून विचारलं.

"मला खांद्यावर टाकताना वास आला," सुदर्शन म्हणाला. "पर तवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. आन् हितं पहिल्यांदा सरळ येतंय कोण? ह्यो बद्रीनाथ प्लॉट विकायला म्हणून आलता."

"एक इकला बी त्या दिवशी," बद्रीनाथ अभिमानानं म्हणाला.

"भाषण लई भारी झालं सर," सुदर्शन म्हणाला. "आता शाल तेवढी द्या, डॉक्टरला लागंल."

शाल घडी होऊन परत गेली. नारळ त्यांनी राहू दिला. काकासाहेब मागच्या रांगेत, भिंतीला टेकून जाऊन बसले. यायला थोडा वळसा पडला, एवढंच.

पुढच्या मंगळवारी ते न घेता गेले. न आलेले डॉक्टर मध्यंतरी भेटले होते आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, तरी हात इतका कापत होता की चहा कपापेक्षा पँटवर जास्त. बोलायची पाळी आली तेव्हा नाव सांगितलं आणि पुढं काही सुचलंच नाही. या वेळी सत्कार झाला नाही.

घरी येऊन कागद पुढं ओढला. आपुलकीच्या स्वागताचं ते सुरेख वाक्य आधी लिहिलं, मग खोडलं.

'मंजू, दोनदा गेलो. पहिल्यांदा पिऊन गेलो आणि भाषण केलं. दुसऱ्यांदा न पिता गेलो आणि बोलता आलं नाही. एवढ्यावर श्रेयाला पाठवू नकोस. सुट्टी जाईल, जाऊ दे. तिला सांग, आजोबांना अजून वेळ लागेल. तू विचारत राहा. बाबा.'

वाचून पाहिलं. शैली अगदीच सुमार. सुधारायला घेतलं असतं तर आणखी दोन महिने सहज निघाले असते. त्यांनी पाकीट चिकटवलं, भर दुपारी, ओळखीच्यांचे नमस्कार घेत उस्मानपुऱ्याच्या टपालपेटीपाशी गेले आणि ते आत टाकलं.